आईचे बोट कोण ओढत होते?

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत चकल्या तळताना शेगडीवरची कढई कलंडू लागली आणि ती सावरण्यासाठी आईने तिचा तापलेला कान उजव्या हाताने घट्ट धरला. तेल सांडले नाही; मात्र तळहाताचा करंगळीकडचा भाग आणि करंगळीची आतली बाजू खोलवर भाजली. जखम भरायला दीड-दोन महिने लागले. तिच्यावर नवी गुलाबी कातडी धरली आणि आता संकट टळले असे वाटत असतानाच करंगळी तळहाताकडे वळू लागली. सुरुवातीला ते कोणाच्या लक्षात आले नाही. मग एके सकाळी भाकरी थापताना आई मध्येच थांबली आणि मला म्हणाली, "अगं, हे बोट सरळच होत नाही बघ. आतून कोणीतरी ओढून धरल्यासारखं वाटतंय."

डॉक्टरांनी व्रण आखडल्याचे सांगितले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी कोनमापकाने मोजले तेव्हा करंगळीचा मधला सांधा 40 अंश वाकलेला होता. गरम पाण्यात मऊ करून हाताच्या आकाराची बनवलेली प्लास्टिकची पट्टी रात्रभर बांधून ठेवायची, दिवसातून चार वेळा व्रणावर मालीश करायचे आणि बोट हळूहळू ताणायचे, असा क्रम ठरला. मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना संरचना शिकवते. कुठे दोरी ताणलेली दिसली की तिची दोन टोके कशाला बांधली आहेत आणि ओढणारा कोण आहे हे आधी शोधा, असे मी त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगते. आईच्या व्रणात स्नायू नव्हता आणि बोट वाकवणारे स्नायूंचे रज्जू तर भाजल्यापासून पुष्कळ खोल, सुरक्षित होते. मग ओढत कोण होते? फावल्या वेळात या प्रश्नाच्या मागे लागून जे वाचले, समजून घेतले, ते इथे सविस्तर लिहीत आहे.

आईचे वाक्य शब्दशः खरे निघाले. आत खरोखरच ओढणारे होते, आणि ते होते लाखोंच्या संख्येने. त्वचेच्या खालच्या थरात फायब्रोब्लास्ट नावाच्या लांबट, फांद्या फुटल्यासारख्या पेशी असतात. कोलॅजनचे धागे तयार करणे हे त्यांचे काम आपण शाळेपासून ऐकत आलेलो असतो. त्या हे धागे नुसते तयार करून थांबत नाहीत, ते पकडून स्वतःकडे ओढतही राहतात, हे मात्र मला माहीत नव्हते.

हे ओढणे लोकांच्या डोळ्यांना दिसले ते 1980 मध्ये. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अल्बर्ट हॅरिस, पॅट्रिशिया वाइल्ड आणि डेव्हिड स्टोपॅक यांनी सिलिकॉनच्या दाट द्रवावरून क्षणभर ज्योत फिरवली. त्यामुळे द्रवाचा वरचा अगदी पातळ थर घट्ट होऊन रबरी पापुद्रा झाला आणि खाली द्रव तसाच राहिला. तापवलेले दूध निवताना त्यावर साय धरते, तसेच हे. सायीवर बोट टेकवून किंचित ओढले की तिला सुरकुत्या पडतात. या पापुद्र्यावर सोडलेल्या पेशींनीही अशाच सुरकुत्या पाडल्या. हे चित्र मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, कारण बल ही अशी राशी आहे की तिचा परिणामच दिसतो, ती स्वतः दिसत नाही, आणि इथे एका पेशीने लावलेले बल एखाद्या नकाशासारखे तिच्याखाली उमटले होते. सुरकुत्यांच्या दिशेवरून कळत होते की पेशी आपल्या कडा रोवते आणि खालचा पृष्ठभाग स्वतःच्या मध्याकडे आवळते.

त्याहून महत्त्वाचे निरीक्षण पुढचे होते. रक्तातील पांढऱ्या पेशी भराभर सरकतात, पण त्यांची ओढ क्षीण असते. फायब्रोब्लास्ट अगदी सावकाश सरकतात, पण त्यांची ओढ सरकण्यासाठी लागेल त्याच्या कितीतरी पट जास्त असते. ही जास्तीची ओढ कशासाठी? हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये उत्तर दिले की ती चालण्यासाठी नसून भोवतालचे कोलॅजन ओढून, विंचरून, त्याची जागा लावण्यासाठी आहे. शरीरातील रज्जू आणि अस्थिबंध यांतील धाग्यांना जी दिशा असते, ती लावण्यात या ओढीचा मोठा वाटा असला पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. त्याआधी 1979 मध्ये युजीन बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलॅजनच्या मऊ जेलीत फायब्रोब्लास्ट मिसळून ठेवले होते, आणि काही दिवसांत ती जेली आक्रसून मूळ आकाराच्या अगदी लहान अंशावर आली होती. त्या बशीत स्नायूची एकही पेशी नव्हती.

स्नायू नसताना स्नायूसारखे काम कसे होते, याचे उत्तर शोधायला स्नायूकडेच जावे लागते. मायोसिन हे नाव जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी 1864 मध्ये दिले. ॲक्टिन हे दुसरे प्रथिन दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हंगेरीतील सेगेड येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत ब्रुनो श्ट्राउब यांनी वेगळे केले. स्नायू आखडतो म्हणजे त्याचे धागे आखूड होत नाहीत, तर दोन प्रकारचे धागे एकमेकांवरून सरकतात, ही कल्पना 1954 मध्ये एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निरनिराळ्या जोड्यांनी मांडली: अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडेरगेर्के यांनी, आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी. दोन्ही हक्सलींचे एकमेकांशी नाते नव्हते. पुढे 1966 मध्ये जपानमधील हातानो आणि ओसावा यांनी श्लेष्मबुरशीतूनही ॲक्टिन काढून दाखवले आणि मग हळूहळू स्पष्ट झाले की ही यंत्रणा स्नायूंची मिरासदारी नाही. केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ती थोड्याफार फरकाने असते.

ॲक्टिनचा एक धागा सुमारे 7 नॅनोमीटर जाड असतो. मायोसिनच्या रेणूला दोन डोकी आणि एक शेपूट असते. पुष्कळ मायोसिन शेपट्या जुळवून एकत्र येतात आणि त्यांची डोकी दोन्ही टोकांना बाहेर राहतात. ही डोकी ॲक्टिनला पकडतात, वाकतात, सोडतात आणि पुन्हा पुढे पकडतात. दोन्ही टोकांकडचे ॲक्टिनचे धागे त्यामुळे मध्याकडे खेचले जातात. स्नायूतील अशा एका जाड धाग्यात मायोसिनचे सुमारे 300 रेणू असतात. फायब्रोब्लास्टमधल्या छोट्या जुडीत जेमतेम 30, आणि तिची लांबी एका मायक्रोमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी.

या चक्रातील एका गोष्टीने मला थक्क केले. मायोसिनला ऊर्जा एटीपी या रेणूपासून मिळते हे ठाऊक होते, आणि म्हणून पकडण्यासाठी ऊर्जा खर्च होत असावी असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात एटीपीचा रेणू येऊन चिकटतो तेव्हा मायोसिनची पकड सुटते. एटीपी संपला तर डोके ॲक्टिनला धरून तसेच राहते. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठरते ते याच कारणाने. धरून ठेवणे ही या रेणूची स्वाभाविक अवस्था आहे आणि सोडण्यासाठी त्याला किंमत मोजावी लागते.

एक मायोसिन किती जोर लावतो? आर्थर ॲश्किन यांनी 1986 मध्ये प्रकाशकिरणांचा चिमटा तयार केला, ज्याबद्दल त्यांना 2018 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. असे दोन चिमटे वापरून स्टॅनफर्ड येथे जेफ्री फायनर, रॉबर्ट सिमन्स आणि जेम्स स्पुडिक यांनी 1994 मध्ये ॲक्टिनचा एकच धागा दोन सूक्ष्म मण्यांमध्ये तोरणासारखा ताणून धरला आणि तो एका मायोसिनवर टेकवला. एका ओढीत धागा सरासरी 11 नॅनोमीटर सरकला आणि लागलेले बल 3 ते 4 पिकोन्यूटन भरले. पिकोन्यूटन म्हणजे न्यूटनचा एक लक्ष कोटीवा भाग. रक्तातील एका लाल पेशीचे वजन साधारण एक पिकोन्यूटन असते, असे सांगितले म्हणजे थोडा अंदाज येईल. शिवाय भोवतालच्या पाण्याचे रेणू या यंत्राला सतत धक्के देत असतात, आणि एटीपीच्या एका रेणूतून मिळणारी ऊर्जा त्या धक्क्यांच्या ऊर्जेच्या वीस-पंचवीस पटच असते. वादळात उभे राहून सुईत दोरा ओवावा तसे हे काम आहे.

म्हणून एकट्याने काही होत नाही, आणि पेशीतील बलाची सारी गोष्ट जमावाची गोष्ट आहे. याचे सर्वांत सुबोध उदाहरण मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने दाखवून दिले. पेशीच्या आत सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून सामानाची वाहतूक चालते. कायनेसिन नावाचे प्रथिन सामान सहसा पेशीच्या कडेकडे नेते, डायनीन केंद्राकडे आणते, आणि एकाच सामानाला दोन्ही जोडलेली असली की त्यांच्यात रस्सीखेच होते. कायनेसिन एकटा 5 ते 7 पिकोन्यूटनपर्यंत टिकतो. डायनीन त्याच्या तुलनेने फार दुबळा. तरीही डायनीन जिंकू शकतो, कारण अनेक डायनीन ओझे वाटून घेतात, भार वाढला तसे पाऊल आखूड करतात आणि एकमेकांच्या जवळ राहून एकत्र ओढतात, तर कायनेसिनांना असे जुळवून घेणे साधत नाही. त्या गटाचा 2013 चा हा शोध मी वर्गात दोनदा सांगितला आहे. भार वाटून घेणे हा आमच्या विषयाचा गाभाच आहे, आणि तो प्रथिनांच्या पातळीवर इतक्या स्पष्ट रूपात भेटेल अशी माझी कल्पना नव्हती.

पेशी ढकलतही नाहीत असे नाही. ॲक्टिनच्या धाग्याच्या टोकाला एकेक नवा रेणू बसतो आणि दर रेणूमागे टोक 2.7 नॅनोमीटर पुढे जाते. असे असंख्य धागे वाढत राहून पेशीची पुढची कड पुढे रेटतात. वनस्पती आणि बुरशी यांचे ढकलणे तर निराळेच, ते पाण्याच्या दाबाने चालते. कोकणातल्या भाताला करपा आणणारी बुरशी पानावर एक सूक्ष्म घुमटी बांधते, तिच्यात ग्लिसरॉल साठवून पाणी खेचून घेते आणि आतला दाब 8 मेगापास्कलपर्यंत, म्हणजे मोटारीच्या टायरमधील दाबाच्या चाळीसएक पट नेऊन पानाचे साल फोडते. पण आईच्या बोटाशी संबंध ओढीचा होता, म्हणून तिकडेच वळते.

ओढीला टेकू हवा. पेशीच्या आत मायोसिन कितीही खेचत असला, तरी ॲक्टिनचे धागे बाहेर कशाला बांधलेले नसतील तर ते नुसते आतल्या आत मागे सरकत राहतील. टिमथी मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी 1988 मध्ये यासाठी क्लचची उपमा वापरली, आणि स्कूटर चालवणाऱ्या कोणालाही ती लगेच पटेल: इंजिन फिरत आहे, पण क्लच जोडला गेल्याशिवाय चाकाला काही मिळत नाही. पेशीचा क्लच अनेक प्रथिनांचा मिळून बनतो. इंटिग्रिन पेशीपटलाच्या आरपार उभा असतो आणि बाहेर कोलॅजनसारख्या धाग्यांना धरतो. आतल्या बाजूने टॅलिन त्याला धरतो आणि ॲक्टिनशी जोडतो. व्हिन्क्युलिन हा जोड पक्का करतो. असे शेकडो जोड एकत्र येऊन जो ठिपका तयार होतो, त्यावरील ताण इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी 2001 मध्ये मोजला, आणि तो दर चौरस मायक्रोमीटरला सुमारे 5.5 नॅनोन्यूटन भरला. गंमत अशी की लहान ठिपका असो वा मोठा, दर चौरस मायक्रोमीटरचा आकडा जवळपास तोच राहिला. जास्त जोर लावायचा तर पेशी ठिपका मोठा करते. आम्ही खांबाखालचा पाया भारानुसार रुंद करतो, त्यात आणि यात मला काही फरक दिसत नाही.

इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण या विषयातील सर्वांत सुंदर भाग माझ्या मते हाच आहे. कोणताही जोड ओढला की लवकर सुटेल अशी आपली अपेक्षा असते, आणि बहुतेक रासायनिक बंध तसेच वागतात. ते सुरगाठीसारखे असतात, टोक ओढले की सुटतात. इंटिग्रिन आणि पेशीबाहेरच्या जाळ्यातले फायब्रोनेक्टिन हे प्रथिन यांच्यातला बंध निरगाठीसारखा वागतो. काही मर्यादेपर्यंत, साधारण 10 ते 30 पिकोन्यूटनपर्यंत, त्याला जितके ओढावे तितका तो अधिक काळ टिकतो. त्याच्याही पुढे ओढले तर मात्र तुटतो. म्हणजे ज्या धाग्यामागे खरोखर आधार आहे, जो ओढल्यावर उलट ओढतो, त्यालाच पेशी धरून राहते, आणि जो सैल आहे तो आपोआप हातातून सुटतो. निवड करायला कोणी बसलेले नाही. गाठीच्या घडणीतच ती निवड आहे.

टॅलिनची गोष्ट याहूनही विलक्षण आहे. त्याच्या दांड्यात घड्या घातलेले 13 भाग असतात आणि व्हिन्क्युलिनला पकडता येतील अशा 11 जागा त्या घड्यांमध्ये दडलेल्या असतात. ओढ नसताना त्या झाकलेल्या राहतात. सुमारे 5 पिकोन्यूटनची ओढ बसली की सर्वांत नाजूक घडी उलगडते आणि व्हिन्क्युलिनला बसायला जागा मिळते; मग तेवढ्यापुरता जोड बळकट होतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मायकेल शीट्झ यांच्या गटाने 2009 मध्ये टॅलिनचा एकेक रेणू ताणून हे सिद्ध केले. निगुतीने घडी घातलेली साडी ओढल्याशिवाय आतला काठ दिसत नाही, तसा या प्रथिनातला निरोप ओढल्याशिवाय वाचता येत नाही. बलाचे रूपांतर रसायनात होते ते अशा ठिकाणी. आमच्या विषयात संरचना बल सोसते. इथे संरचना ते बल वाचते आणि त्याप्रमाणे स्वतःला पुन्हा बांधते. माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्यात हा फरक मला कधी शिकवावा लागला नव्हता.

भात शिजला की नाही हे आई शीत बोटांत दाबून पाहते. नुसते बघून ते कळत नाही; दाबावे लागते आणि शिताने परत किती जोर दिला ते बोटाला जाणवावे लागते. पेशीही भोवतालचा पदार्थ मऊ आहे की ताठर हे ओढून पाहते. फिलाडेल्फिया येथे ॲडम इंग्लर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये माणसाच्या अस्थिमज्जेतून मिळणाऱ्या मूलपेशी निरनिराळ्या ताठरतेच्या जेलीवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ, म्हणजे 0.1 ते 1 किलोपास्कलच्या जेलीवर त्या चेतापेशींसारख्या फांद्या फुटलेल्या झाल्या, स्नायूइतक्या 8 ते 17 किलोपास्कलच्या जेलीवर स्नायूपेशींकडे झुकल्या, आणि 25 ते 40 किलोपास्कलच्या, अजून कोवळ्या असलेल्या हाडासारख्या ताठर जेलीवर हाडाच्या पेशींच्या वाटेला लागल्या. मायोसिन बंद पाडणारे औषध घातले की हा सगळा फरक नाहीसा झाला, कारण ओढताच आले नाही तर ओळखणार कसे? पुढे 2012 मध्ये असाही आक्षेप आला की जेलीची ताठरता नव्हे, तर तिच्यावर कोलॅजन किती ठिकाणी बांधलेले आहे ते महत्त्वाचे असावे, आणि त्यावर उलटसुलट प्रयोग झाले. माझ्या दृष्टीने दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्यच आहे: पेशी ओढते, आणि परत काय मिळाले त्यावरून पुढचे ठरवते.

हा निरोप केंद्रकापर्यंतही पोचतो. ॲक्टिनचे धागे नेस्प्रिन आणि सन या प्रथिनांमार्फत केंद्रकाच्या आवरणाला जोडलेले असतात, त्यामुळे पेशीच्या कडेवरची ओढ केंद्रकाचा आकारसुद्धा बदलू शकते. इटलीतील पादुआ येथे स्टेफानो पिक्कोलो यांच्या गटाने 2011 मध्ये दाखवले की ताठर पृष्ठभागावर पसरलेल्या पेशीत याप आणि टाझ ही प्रथिने केंद्रकात जाऊन जनुके चालू करतात, तर मऊ पृष्ठभागावर ती बाहेरच थांबतात. वेगही मोठा आहे. इलिनॉय विद्यापीठातील 2008 च्या एका प्रयोगात यांत्रिक ओढीने पेशीतील एक विकर 0.3 सेकंदाच्या आत जागे झाले, तेच रासायनिक संदेशाने जागे व्हायला सुमारे 12 सेकंद लागले. ताणलेल्या दोरीतून जाणारा धक्का पाण्यात विरघळत जाणाऱ्या रंगापेक्षा आधी पोचणारच.

पेशी पेशीला धरते तेव्हा कॅडहेरिन नावाची प्रथिने हातात हात घालतात आणि एका पेशीतील ओढ शेजारणीच्या धाग्यांत उतरते. मग पेशींचा अख्खा पापुद्रा एका चादरीसारखा ताणला जातो. पॉल मार्टिन आणि ज्युलियन लुईस यांनी 1992 मध्ये कोंबडीच्या भ्रूणावरच्या जखमेच्या कडेने ॲक्टिनची एक जाड दोरी पेशीपेशींतून सलग गेलेली पाहिली. ती दोरी आवळली जाते आणि बटव्याची नाडी ओढल्यावर तोंड मिटावे तशी जखम मिटते, मागे जवळजवळ व्रण न राहता. फळमाशीच्या भ्रूणात पेशींचा एक पट्टा आत दुमडून खोबण तयार होते, तेव्हा पेशींची वरची टोके आवळली जातात. हे आवळणे सलग नसते. ॲडम मार्टिन, मथियास काश्चुबे आणि एरिक वीशाउस यांनी 2009 मध्ये ते टप्प्याटप्प्याने होताना पाहिले: मायोसिन एकवटतो, टोक थोडे आवळते, मायोसिन विरतो, पण टोक पुन्हा पसरत नाही, झालेली प्रगती धरून ठेवली जाते आणि नव्या झटक्याने पुढची मिळवली जाते. बाज विणणारा सुंभ ओढतो, पायाने दाबून धरतो आणि मग पुन्हा ओढतो, ती हीच रीत.

आईच्या करंगळीत हीच रीत चालली होती. जखम भरताना त्या जागी येणाऱ्या फायब्रोब्लास्टांमध्ये स्नायूसारखे धागे तयार होतात, हे जिनिव्हा येथे ज्युलिओ गाबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. या बदललेल्या पेशींना आता मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. त्यांच्यात एरवी गुळगुळीत स्नायूंत आढळणारा ॲक्टिनचा एक विशेष प्रकार येतो आणि त्यांची ओढ वाढते. जखमेच्या कडा जवळ आणणारे हेच. नवी कातडी यायची जागा त्यांच्यामुळे कमी होते, आणि म्हणून त्यांना दोष देता येत नाही. मोकळ्या पाठीवर किंवा पोटावर त्यांचे काम निव्वळ उपकाराचे असते. सांध्यावरच्या जखमेत मात्र कडा जवळ येणे म्हणजेच सांधा वाकणे.

स्वित्झर्लंडमधील लोझान येथे बोरिस हिंझ यांच्या गटाने 2010 मध्ये या पेशींचे काम बारकाईने मोजले. त्यांना दोन प्रकारची ओढ दिसली. एक भक्कम, संथ आणि टिकणारी, जी कोलॅजनवरचा भार स्वतःवर घेते. आणि दुसरी क्षीण, सुमारे 100 पिकोन्यूटनची, शंभरेक सेकंदांनी येणारी, एका वेळी 0.4 मायक्रोमीटर खेचणारी. पहिल्या ओढीने भार उचलला की मध्ये जो धागा सैल पडतो तो दुसरी थोडा गोळा करते, आणि मग नवे कोलॅजन बसून ती बचत कायमची होते. 0.4 मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. पण दिवसात असे आठशेहून अधिक झटके बसतात, आणि ओढणाऱ्या पेशी असंख्य असतात. ज्या गोष्टीला आम्ही घरात "एका रात्रीत बोट वाकलं" असे म्हणत होतो, ती आठवडेच्या आठवडे सेकंदासेकंदाने चाललेली होती.

याच गटाने 2007 मध्ये आणखी एक दुवा उलगडला होता. फायब्रोब्लास्टला मायोफायब्रोब्लास्ट बनवणारे टीजीएफ-बीटा हे प्रथिन कोलॅजनच्या जाळ्याभोवती कुपीत बंद करून ठेवल्यासारखे असते. पेशीने ती कुपी ओढली, आणि भोवतालचे जाळे पुरेसे ताठर असेल, तर कुपी उघडते. मऊ जाळ्यात ती ओढीबरोबर नुसती सरकते आणि बंदच राहते. म्हणजे व्रण जितका ताठर, तितके टीजीएफ-बीटा अधिक सुटणार; ते जितके सुटेल तितक्या ओढणाऱ्या पेशी वाढणार; आणि त्या वाढल्या की व्रण आणखी ताठर होणार. हे वाचल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंच्या मालिशीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. रात्रीच्या पट्टीचा अर्थही उलगडला. पट्टी पेशींना ओढण्यापासून रोखत नाही. ताणलेल्या जाळ्यात त्या उलट अधिकच जोर लावतात. पट्टी फक्त दुसरे टोक धरून ठेवते, म्हणजे ओढून मिळालेली बचत कोलॅजनला आखूड लांबीवर बांधता येत नाही. आईने ती पट्टी अकरा महिने रोज रात्री बांधली. सुरुवातीचे काही महिने ठणक्याने तिला झोप लागत नसे, आणि मध्यरात्री ती पट्टी सोडायला निघाली की मी उठून तिच्याशेजारी बसत असे.

40 अंशांचे 25 झाले, मग 15, आणि शेवटच्या मोजणीत 10. त्यापुढे आकडा हलला नाही. जखम पूर्ण भरल्यावर मायोफायब्रोब्लास्ट सहसा स्वतःहून मरून जातात, आणि जिथे ते रेंगाळतात तिथे जाड, उचललेले व्रण राहतात. आईचा व्रण आता फिकट आणि सपाट आहे, त्याची खाज थांबली आहे, दाबले तर तो दुखत नाही. त्यातले ओढणारे बहुधा केव्हाच निघून गेले असावेत. त्यांनी आखूड लांबीवर बांधलेले कोलॅजन मात्र जागच्या जागी आहे, आणि भाकरी थापताना आईची करंगळी आजही बाकीच्या बोटांपेक्षा जराशी वर राहते.